थंडी गळते तिथे

इकडे आखातात, अल बर्शातल्या आमच्या घरात एसी दिवसभर घरघरायचा आणि बिल वाढतच चाललं होतं. नवीन मशीन घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. त्याआधी एक मेकॅनिक बोलावला, पन्नाशीचा, रत्नागिरीकडचा. त्याने फिल्टर धुतला, पण मशीन खोललं नाही. हात ओला केला आणि पालथा धरून दारखिडक्यांच्या कडांवरून सावकाश फिरवला, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. बाल्कनीच्या दारापाशी तो थांबला.

"ताई, गावाला पावसात घर गळतं. इथे थंडी गळते. मशीन बिचारं काय करणार?"

फटीत त्याने रबराची पट्टी बसवली, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "आता ऐका."

थोड्या वेळाने एसी आपोआप थांबला. आठ वर्षांत पहिल्यांदा मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.