तीस पावलांवरची उमेदवार

शाळेत तिला सगळे किल्लीमावशी म्हणत. कागदोपत्री ती शिपाई होती. पण प्रश्नपत्रिकांच्या लोखंडी कपाटाची किल्ली बावीस वर्षं तिच्या कमरेला होती, आणि कमरेला किल्ली असलेल्या बाईला हुद्दा विचारण्याची कुणाची टाप नसते. कपाटही असं हट्टी, की ते एकट्या तिचंच ऐके. किल्ली फिरवायची, मूठ वर उचलायची आणि नेमक्या त्याच क्षणी खालच्या कोपऱ्यात उजव्या गुडघ्याचा ठोसा द्यायचा, की दार उघडे. तीन मुख्याध्यापिका आल्या आणि गेल्या, त्यांतल्या एकीलाही तो ठोसा साधला नाही.

त्या कपाटात समान चाचणीची पाकिटं राहत. समान चाचणी म्हणजे अशी चीज, की पोराने बारा वर्षं शाळेत बाकं झिजवावीत आणि शेवटी तीन तासांत पेन्सिलीने गोल काळे करावेत. पुरेसे गोल बरोबर आले तर शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर बारा वर्षं पाण्यात. सगळ्या शाळांना प्रश्न एकच, वेळ एकच, पेन्सिलही एकाच जातीची. मावशी ही पाकिटं परीक्षा मंडळाकडून घेई, कुलूपबंद करी, परीक्षेच्या सकाळी बाहेर काढी. बावीस वर्षांत तिने एकाही प्रश्नपत्रिकेवर नजर टाकली नव्हती. लोक याला प्रामाणिकपणा म्हणत. तो होताच, पण त्यात भीतीचाही वाटा होता, आणि तो चांगला घसघशीत होता.

कारण मावशीने स्वतः ही चाचणी कधी दिलीच नव्हती. शाळकरी मुलगी असताना परीक्षेच्या दिवशी ती शाळेच्या फाटकापर्यंत गेली, फाटकाला हात लावला आणि परत फिरली. घरी सांगितलं, झाली. पुढे लग्न ठरताना सांगितलं, पास. आणि पोटची मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा पास होऊन भागेना, म्हणून मावशी पहिल्या वर्गात आली. लेक समान चाचणीत दोनदा आपटली, तेव्हा दोन्ही वेळा मावशीने तिला ऐकवलं होतं, की चार धाकटी भावंडं सांभाळून मी पहिला वर्ग काढला, तुला काय धाड भरली आहे? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लेक मान खाली घालून ऐकून घेई. तिसऱ्या खेपेला, म्हणजे गेल्या वर्षी, ती कशीबशी सुटली आणि शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागली.

या वर्षी परीक्षेच्या आठ दिवस आधी मंडळाचं परिपत्रक आलं. प्रश्नपत्रिकेला हात लावणारी प्रत्येक व्यक्ती ही चाचणी उत्तीर्ण असली पाहिजे, दाखल्याची प्रत जोडावी. दाखल्याला वाळवी लागली, असं ती मुख्याध्यापिका बाईंना सांगणार होती. वाळवीचा रंगही तिने मनात ठरवला होता. पण बाईंनीच डोक्याला हात लावून पुढचं वाक्य वाचून दाखवलं. उत्तीर्ण, तेही चाचणीच्या सध्याच्या स्वरूपात. आणि सध्याचं स्वरूप येऊन फक्त तीन वर्षं झाली होती. म्हणजे बाईंचा दाखला बाद, सगळ्या शिक्षकांचे दाखले बाद. मावशीचा नसलेला दाखलाही त्यांच्याबरोबर मानाने बाद झाला. सुंठीवाचून खोकला गेला. त्या संध्याकाळी मावशी घरी गेली ती गुणगुणत. नवरा शिंपी होता. त्याने मशिनवरून मान वर करून विचारलं, की काय विशेष? ती म्हणाली, काही नाही, सरकारी काम.

घोडं अडलं ते पुढे. दाखला नाही त्याने यंदा चाचणीला बसावं आणि पास व्हावं, अशी परिपत्रकात सोय होती. पण चाचणीला बसायचं तर पाकिटं कपाटातून बाहेर यायला हवीत, आणि ती बाहेर काढायला पास झालेला माणूस हवा. पास झालेली मुलं तर दाखला हातात पडताच मोठ्या शहरांकडे पळालेली. शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस यावर खल झाला. शेवटी चित्रकलेच्या मास्तरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि समोरच्या दुकानात कागद सारखे करणाऱ्या मावशीच्या लेकीकडे बोट दाखवलं. साऱ्या गावात कायद्याने पात्र अशी ती एकटी उरली होती.

प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली झेरॉक्सवालीच्या हातात द्यायची, हे ऐकून बाईंना ठसका लागला. त्यांनी मंडळाला विचारलं. मंडळाने उत्तर दिलं, की झेरॉक्सविरुद्ध नियम नाही, दाखला नसल्याविरुद्ध आहे.

परीक्षेच्या दिवशी मंडळाचे निरीक्षक सकाळी आठलाच हजर झाले. सडपातळ गृहस्थ, चष्म्याला दोरी, बगलेत परिपत्रकाची जाड फाइल. त्यांनी आल्या आल्या दोन गोष्टी काढल्या. पहिली, बावीस वर्षं किल्ली सांभाळलेली मावशी आता उमेदवार, तेव्हा तिने कपाटाच्या तीस पावलांच्या आत यायचं नाही. त्यांनी स्वतः पावलं मोजली आणि पटांगणात खडूची रेघ मारली. दुसरी, किल्लीधारक आणि उमेदवार यांच्यात जवळचं नातं असता कामा नये. बाई म्हणाल्या, या तर मायलेकी. निरीक्षकांनी फाइल चाळली आणि त्यांचा चेहरा उजळला. तशी सोय होती. दोघींनी सही करून द्यायची, की सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत आमचं नातं स्थगित आहे. दोघींनी सह्या केल्या. बरोबर नऊ वाजता मावशी निपुत्रिक झाली.

लेक किल्ली घेऊन कपाटापाशी गेली. किल्ली फिरली, मूठ हलली, दार ढिम्म. निरीक्षकांनी ओढून पाहिलं, बाईंनी धक्का देऊन पाहिला. तीस पावलांवर रेघेच्या पलीकडे मावशी नुसती तळमळत होती. शेवटी तिथूनच सांगायला उमेदवाराला बंदी आहे का, हे शोधायला निरीक्षकांना सहा मिनिटं लागली. बंदी नव्हती. मग पटांगणभर तिचा आवाज गेला. उजवा गुडघा घ्या. डावा नव्हे. मूठ आधी उचला, मग ठोसा. चाळीस मुलं रांगेत उभी राहून हे शिक्षण घेत होती. नवव्या ठोशाला दार उघडलं, लेक गुडघा चोळत उभी राहिली, आणि मावशीला काहीच कारण नसताना भरून आलं.

पाकिटं बाहेर आल्यावर निरीक्षक ती उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्यांना आपलाच नियम आठवला. पाकिटाला हात लावणारी प्रत्येक व्यक्ती. त्यांनी हात मागे घेतला, फाइलमधून एक कोरा अर्ज काढला आणि निमूट उमेदवारांच्या रांगेत, चाळीस मुलांच्या, सगळ्या शिक्षकांच्या, मावशीच्या आणि बाईंच्या मागे जाऊन उभे राहिले. आता त्या सगळ्या शाळेत उमेदवार नसलेलं माणूस एकच होतं, आणि ते काल संध्याकाळी पाच वाजेपर्यंत कागदाच्या दोन्ही बाजू छापून देत होतं.

अर्ज भरायचं काम परिपत्रकाने किल्लीधारकावरच टाकलं होतं. रकाना मोठ्याने वाचायचा, उमेदवाराने तोंडी उत्तर द्यायचं, किल्लीधारकाने लिहायचं. मुलांचे अर्ज महिन्यापूर्वीच भरलेले होते, आता मोठ्यांपैकी एकेक जण टेबलापाशी जाऊ लागला. मावशीची पाळी आली तेव्हा लेकीने वर न बघता नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता तर तिचाच होता. मग तिने पुढचा रकाना वाचला.

"यापूर्वी ही चाचणी उत्तीर्ण झाला आहात का? असल्यास श्रेणी."

वाचलं आणि उत्तराची वाट न बघता तिने लिहायला सुरुवात केली. हो, पहिला वर्ग. हे उत्तर तिला लहानपणापासून पाठ होतं. दोनदा नापास झाली तेव्हा याच उत्तरावर डोकं ठेवून ती रडली होती. तिचं अक्षरही त्या दोन शब्दांपुरतं सुरेख येत होतं. मावशीने ते पाहिलं. गप्प राहिली असती तर काही बिघडत नव्हतं. त्या दाखल्याला आज कवडीची किंमत नव्हती, कुणी तो मागणारही नव्हतं. पण लेक तो खोटा वर्ग इतक्या आदराने लिहीत होती, की मावशीला ते बघवेना.

"खोडा ते," ती म्हणाली. "मी पास नाही. मी ही परीक्षा कधी दिलीच नाही."

लेकीचं पेन थांबलं. मागे रांगेत बाई होत्या, त्यांच्या मागे निरीक्षक, दोघांनी ऐकलं. लेकीचे कान लाल झाले. तिने घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ झाले होते, नातं स्थगित होतं.

"उमेदवाराने इथे सही करावी," ती म्हणाली, आणि खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

मग तीन तास मावशी गोल काळे करत बसली. पुढच्या बाकावर बाई घामाघूम झाल्या होत्या, शेवटच्या बाकावर निरीक्षक पेन्सिल चावत होते. लेक दोन रांगांमधून येरझाऱ्या घालत होती आणि आईच्या बाकापाशी आली की तिची चाल जलद होई. सतरावा प्रश्न होता, कपाटाची किल्ली हरवल्यास सर्वप्रथम कोणाला कळवावे? मुख्याध्यापक, निरीक्षक, मंडळ, की हे तिघेही? मावशीने चारही गोल कोरे सोडले आणि बाजूला लिहिलं, आधी कपाटावर हात फिरवून बघावे, बहुधा वरच ठेवलेली असते. या उत्तराला गुण नाहीत हे तिला ठाऊक होतं. पण खोटं लिहायचा तिला त्या दिवशी पुरता कंटाळा आला होता.

एक वाजता पेपर गोळा झाले. सील लागायला अर्धा तास लागला, आणि मग सगळे पांगले. दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. दोन वाजायला वेळ होता, तोवर एकमेकींशी बोलणं नियमात बसत होतं की नाही, हे सांगायला निरीक्षकही उरले नव्हते. मावशीला वाटत होतं, दोन वाजूच नयेत. आयुष्यात तिला कधी कुणाची इतकी भीती वाटली नव्हती.

दोनचे टोल पडले.

"आई," लेक म्हणाली, "दुसऱ्यांदा नापास झाले ना, तेव्हा मला वाटलं होतं, दवाखान्यात अदलाबदल झाली असेल. पहिल्या वर्गात आलेल्या बाईला माझ्यासारखी मुलगी कशी होईल? मी बाबांना विचारलं पण होतं."

मावशी मधल्या रिकाम्या जागेवर सरकली.

"तू दोनदा नापास झालीस. तिसऱ्यांदा परत आत गेलीस. मला एकदासुद्धा नापास व्हायची हिंमत झाली नाही. फाटकातनंच पळाले मी. आणि तुला बोलत राहिले."

लेक रडली, मावशीही रडली. मग लेकीला राग आला, आणि तो आठवडाभर टिकला. त्या आठवड्यात ती घरात आईला उमेदवार म्हणे. शिंप्याला यातलं काही उमगलं नाही. त्याने दोघींचे कपडे शिवून ठेवले.

महिन्याने निकाल लागला. बाई पास झाल्या. निरीक्षक भाषेत दोन गुणांनी गेले आणि तसं पत्र त्यांना स्वतःच्याच सहीने स्वतःला पाठवावं लागलं. मावशी चार गुणांनी नापास. गुणपत्रिका तिने दिवसभर शाळेत सगळ्यांना दाखवली, मुलांनाही दाखवली. लोकांना वाटलं, मावशीच्या डोक्यावर परिणाम झाला. खरं तर इतका खरा कागद तिच्या नावाने आजवर निघालाच नव्हता.

खाली मात्र एक अट छापली होती. नापास उमेदवाराने ही गुणपत्रिका पालकाच्या सहीनिशी आठ दिवसांत परत करावी, तरच पुढच्या वर्षी बसता येईल. मावशी सत्तेचाळीस वर्षांची, तिचे आईवडील कधीच गेलेले. बाईंनी मंडळाला लिहिलं. मंडळाने कळवलं, की सहीशिवाय अर्ज स्वीकारता येणार नाही. आईवडील नसल्यास घरातल्या उत्तीर्ण व्यक्तीची सही चालेल.

संध्याकाळी मावशीने तो कागद लेकीसमोर जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि शाळकरी पोरीसारखी हात मागे बांधून उभी राहिली. लेकीने गुणपत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली. गणितावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मावशी बोलणी खायला तयार होती. आजवर तिने लेकीला ऐकवलेली सगळी बोलणी तिला तोंडपाठ होती.

लेकीने सही केली.

"बस इथे," ती म्हणाली. "मला पण आधी हे जमत नव्हतं."