वहिनी, दीर आणि त्यांचे एजंट

सातारच्या एमआयडीसीत मला नोकरी लागली तेव्हा आईने वाईतल्या शेजारपाजारी सांगून टाकलं, की मुलगी एजंटचं काम करते. दोघांनी लगेच विम्याच्या हप्त्याची चौकशी केली. तिसऱ्यांनी आरटीओत माझी कितपत ओळख आहे ते विचारलं. चूक आईची नव्हती. मीच तिला मोठ्या अभिमानाने म्हणाले होते, की मी एजंट तयार करते.

नव्वदीचं दशक तेव्हा अर्ध्याच्या पुढे सरकलं होतं. पुण्याला शिकताना मी ज्या विषयावर प्रबंध लिहिला होता, तो सोप्या भाषेत सांगायचा तर असा: कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राचा संगणकात एक प्रतिनिधी असतो, त्याला एजंट म्हणायचं. काम आलं की हे एजंट आपसात बोलतात, घासाघीस करतात, कोण काय करणार ते ठरवतात. एक यंत्र बंद पडलं तर बाकीचे नव्याने ठरवतात. माणसाने मध्ये पडायचं कारण नाही. प्रबंधात माणसाचा उल्लेख दोनदा होता, त्यातला एक आभाराच्या पानावर.

आमच्या मालकांचं सातारला लेथ-मिलिंगचं बऱ्यापैकी मोठं शेड होतं. ते पुण्याला कुठल्याशा परिसंवादाला गेले, जेवण चांगलं होतं म्हणून शेवटपर्यंत थांबले आणि येताना ही कल्पना घेऊन आले. सरकारी योजनेतून मदत मिळणार होती. अट एकच, निदान तीन स्वतंत्र उद्योगांनी एकत्र यायला हवं. मालकांनी दोन फाउंड्र्या निवडल्या, एक कुंडलजवळची आणि एक सांगलीतली. दोघांकडून ते गेली पाच-सहा वर्षं ओतीव माल घेत होतेच. इतके दिवस त्याला ओळख म्हणत, आता त्याला उद्योगांचं सहकार्य-जाळं म्हणायचं ठरलं. त्यासाठी मला नेमलं.

कुंडलची फाउंड्री एक बाई चालवत. धंद्यात सगळे त्यांना वहिनी म्हणत. नवरा वारल्यावर त्यांनी भट्टी विकायला नकार दिला होता. सांगलीची फाउंड्री त्यांच्या धाकट्या दिरांची. एकत्र धंदा होता तेव्हा दीर म्हणाले होते, की बाईमाणसाला भट्टी झेपायची न्हाई. त्यावर वाटणी झाली. भट्टी वहिनींकडे राहिली आणि कपाटातले सगळे लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यांचा वाळूत ठसा घेऊन त्यात लोखंड ओततात ते नमुने, दीर सांगलीला घेऊन गेले. त्यांनी तिकडे नवी भट्टी घातली, वहिनींनी इकडे नवे पॅटर्न करायला घेतले. तेव्हापासून सहा वर्षं दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललेले नव्हते. सासूबाई वहिनींकडेच राहायच्या. दीर आईला भेटायला यायचे ते वहिनी बाजाराला गेल्याची खात्री करून.

हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण माझ्या तक्त्यात तसा रकाना नव्हता.

हे सगळं ज्यांना ठाऊक होतं ते आमचे सुभेदार. फौजेतून निवृत्त होऊन मालकांकडे मालाची ने-आण बघायचे. जीप, पाठीला काठी बांधल्यासारखं ताठ बसणं आणि एक जाड वही एवढं त्यांचं साहित्य. कुठल्या भट्टीत आज काय चाललंय, कुणाचा मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा, रुसलाय, कुठला लेथ ऑपरेटर लग्नाला जाणार, हे त्यांना पाठ असायचं. मी त्यांना एजंट म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे मी जे करतो ते," ते म्हणाले.

"तसं नाही सुभेदार. हे आपोआप होईल."

"मला तरी कुटं कोण सांगतंय," ते म्हणाले आणि जीप पुसायला गेले.

तीन ठिकाणी तीन संगणक बसले. मोडेम बसले. रोज सकाळी आणि दुपारी टेलिफोनच्या तारेवरून सातारचा संगणक इतर दोघांशी बोलायचा. वहिनींनी संगणकाला हळदकुंकू वाहिलं आणि वर भरतकामाचं कापड घातलं. दिरांनी तो देवघरासमोरच्या खोलीत ठेवला आणि वर एसीची मागणी केली. माहिती भरायची ती मात्र ज्याची त्याने. दीर रोज "भट्टी रिकामी" असं भरायचे, कारण काम हवं असायचं. वहिनी रोज "भट्टी भरलेली" भरायच्या, कारण रिकामी म्हटलं की लोक भाव पाडतात. माझे एजंट तेवढे खरं बोलायचे.

पण माझी यंत्रणा शिकणारी होती, परिस्थिती बघून स्वतःत बदल करणारी. तीन महिन्यांनी तिने पहिला मोठा शोध लावला: कुंडलच्या भट्टीला सोमवारी दिलेलं काम हमखास उशिरा होतं. मी तिचा आलेख छापून मालकांच्या टेबलावर ठेवला. मालकांनी तो फ्रेम करून भिंतीवर लावला. सुभेदार जाता जाता तो बघत थांबले.

"त्यांचा मोल्डर म्हसवडचा हाय," ते म्हणाले. "दर ऐतवारी सिद्धनाथाला जातो. सोमवारी दुपारच्या एसटीनं येतो. ह्यासाठी तीन म्हैनं लागलं व्हय मशीनला?"

मी म्हणाले, यंत्रणेने हे कुणाला न विचारता शोधलंय, हे महत्त्वाचं. ते म्हणाले, व्हय, न विचारताच शोधलंय.

मग योजनेचे पाहुणे आले. पुण्या-मुंबईचे पाच जण. गळ्यात टाय, हातात आमच्याकडून मिळालेल्या चामडी बॅगा. मी पडद्यावर बनावट ऑर्डर चालवून दाखवणार होते. पाहुणे येणार म्हणून मालकांनी दोन्ही फाउंड्र्यांना त्या दिवसापुरती खरी माहिती भरायला लावली होती. तेवढ्यात मालकांना एका साखर कारखान्याचा फोन आला. गळीत हंगाम भरात होता आणि तिथल्या मोठ्या पंपाचा इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारा आतला पंखा, फुटला होता. उसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. परवापर्यंत नवा इंपेलर हवा.

एखाद्या शहाण्या माणसाने अशा वेळी पाहुण्यांना चहा देऊन सुभेदारांना हाक मारली असती. मालकांचे डोळे चमकले. "बनावट कशाला," ते म्हणाले, "खरीच ऑर्डर टाका, मॅडम."

मी टाकली. आणि काय सांगावं, सगळं माझ्या प्रबंधासारखं झालं. सांगलीच्या एजंटने कळवलं, की या इंपेलरचा पॅटर्न माझ्याकडे आहे, पण भट्टीचं अस्तर बदलायला काढलंय. कुंडलच्या एजंटने कळवलं, की पॅटर्न नाही, पण भट्टी उद्या देता येईल. दोघांनी घासाघीस केली. सांगलीने पॅटर्न द्यायचा, कुंडलने ओतायचं, सातारने लेथवर घ्यायचं. चार मिनिटांत करार झाला आणि तिन्हीकडच्या प्रिंटरवर करकर करत छापून निघाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाले, यात माणसांचे रागलोभ आडवे येत नाहीत हे फार मोठं यश आहे. मी ते वाक्य लिहूनही घेतलं.

पाहुणे जेवायला गेले आणि सांगलीहून फोन आला.

"ह्ये कागद कसला आलाय?" दिरांचा आवाज. "मी वहिनीला पॅटर्न देणार असं छापलंय."

मी म्हणाले, "तुमच्या एजंटने कबूल केलंय तसं."

"माझ्या कंप्युटरनं केलं आसंल. मी न्हाई केलं."

पाठोपाठ कुंडलहून. वहिनींचा आवाज अगदी गोड होता, त्यामुळे मी जास्त घाबरले. "आवं ताई, तेंच्या घरचं लाकूड माज्या वाळूत पडायचं न्हाई. तुमच्या मशीनला सांगा तसं."

मशीनला काय सांगणार. एजंटांच्या दृष्टीने करार झाला होता आणि ते पुढच्या कामाला लागले होते.

मी सुभेदारांकडे गेले. ते जीपमध्ये बसून पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेपरची नीट घडी केली. "बसा," म्हणाले. त्यांनी जीप सांगलीच्या रस्त्याला लावली. कराडच्या पुढे फक्त एकदा विचारलं, की दोघांचं पटत नाही हे मला ठाऊक होतं का. मी नाही म्हणाले. "ठीक," ते म्हणाले. त्या ठीकने मला जेवढं लाजवलं तेवढं परीक्षेतल्या कुठल्याही बाहेरच्या परीक्षकाने लाजवलं नव्हतं.

सांगलीला दिरांनी चहा दिला. सुभेदारांनी ऊस, पाऊस, दिरांच्या मुलाची बारावी असं सगळं विचारलं. दुसरा चहा झाला. मी घड्याळाकडे बघत होते आणि सुभेदार माझ्याकडे, बघू नका अशा अर्थाने. मग ते सहज म्हणाले, "इंपेलरचा पॅटर्न मला द्या."

"तुमाला?"

"मला. वहिनींनी मागितला न्हाई. मागणार पण न्हाईत. मी मागतोय."

दिरांनी बशीतला चहा संपवला. मग उठले, आतून पॅटर्न आणला. तो जुन्या धोतरात गुंडाळलेला होता. थोरल्या भावाने स्वतः बसून घासलेला पॅटर्न, हे ते बोलले नाहीत. जीपमध्ये सुभेदारांनी सांगितलं. ते बोलले ते एवढंच, "मी दिला म्हणून कुटं सांगू नका."

कुंडलला वहिनी दारातच उभ्या होत्या. सुभेदारांनी धोतराचं गाठोडं ओट्यावर ठेवलं. वहिनींनी धोतर ओळखलं असावं. त्यांनी गाठोड्याची गाठ सोडली, पॅटर्नच्या पाकळ्यांवरून बोट फिरवलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

"कुठनं आणला ते सांगू नका," त्या म्हणाल्या.

"न्हाई सांगत," सुभेदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इंपेलर ओतला गेला. आमच्याकडे तो लेथवर चढला, तिसऱ्या दिवशी साखर कारखान्यात बसला. अहवाल मी लिहिला. त्यात लिहिलं, की यंत्रणेने चार मिनिटांत तीन उद्योगांचं सहकार्य मानवी हस्तक्षेपाशिवाय घडवून आणलं. जीपचं डिझेल मी वाहतूक या सदरात घातलं. दोन चहा कुठेच घातले नाहीत. मालकांना एक ढाल मिळाली, मला पगारवाढ मिळाली, सुभेदारांना पेढ्याचा बॉक्स मिळाला. तो त्यांनी गेटवरच्या वॉचमनला दिला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. आठवड्याने दिरांच्या संगणकाकडून आलेल्या माहितीत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. माहितीच्या फॉर्मला शेवटी शेऱ्याचा रकाना होता. मी तो शोभेसाठी ठेवला होता, कुणीच वापरत नसे. त्यात रोमन अक्षरांत मराठी मजकूर होता: पॅटर्न जपून वापरावा, डाव्या पाकळीला चीर आहे. रकाना सगळ्यांना दिसत असल्याने तो कुंडललाही गेला. दुपारी कुंडलहून उत्तर आलं: चीर भरली आहे.

वहिनींनी लग्नाआधी इस्लामपूरला टायपिंगची परीक्षा दिली होती, हे मला तेव्हा कळलं. त्यांचे शेरे लांब होत गेले. आधी वाळूबद्दल, मग कोळशाबद्दल. एके दिवशी सांगलीहून आलं: आईचा गुडघा कसा आहे. उत्तर आलं: जिना चढवत नाही, तुमच्याकडचं तेल संपलं. पुढच्या खेपेला सुभेदारांनी मालाबरोबर तेलाची बाटलीही नेली.

माझे एजंट रोज इमानेइतबारे हे शेरे सातारहून पलीकडे पोचवत होते आणि त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांची मला पहिल्यांदाच जरा माया वाटली.

दीड वर्षांनी योजना संपली. मदत थांबली तसा मालकांचा सहकार्यावरचा विश्वासही थांबला. मोडेम गोळा करून आणायची जबाबदारी माझ्यावर आली. कुंडलला वहिनींनी मला बसवलं, भाकरी-पिठलं वाढलं आणि मग विचारलं, "आता शेरा कुठं लिवायचा, ताई?"

"फोन आहे की, वहिनी."

"फोनवर बोलावं लागतं," त्या म्हणाल्या.

मी जेवून उठले, मोडेमकडे बघितलं आणि तो तिथेच ठेवून आले. सांगलीचाही आणला नाही. दोघांच्या मध्ये आता सातारचा संगणक नव्हता, म्हणून सातारा सोडायच्या आधी एक दिवस बसून दोन्हीकडचे संगणक थेट एकमेकांना जोडून दिले. शिकणारे, घासाघीस करणारे एजंट काढून टाकले. फक्त शेऱ्याचा रकाना राहिला.

पुढे मी पुण्याला नोकरी धरली. वर्षभराने सातारला आले तेव्हा सुभेदार भेटले. मी विचारलं, त्यांचं ते अजून चाललंय का.

"न्हाई," ते म्हणाले. "वळवाच्या पावसात वीज पडली, वहिनींचा मोडेम जळला. आता फोनवर बोलत्यात."

"बरं झालं," मी म्हणाले.

"कशाचं बरं. रोज भांडत्यात. भंगाराच्या दरावरनं काल अर्धा तास लाइन अडवली व्हती. मला मालाची गाडी सोडायची का न्हाई ते विचारायचं व्हतं, फोन लागंना." आणि ते जीपमध्ये बसले, कारण गाडी सोडायची होती.