कायतानची पाच मिनिटं

कायतानची जपमाळ माझ्या एप्रनच्या खिशात होती आणि कायतान टेबलाखाली वाकून ती शोधत होता. मीही वाकलो. मदत केल्यासारखं दाखवणं भाग होतं.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षीची ही गोष्ट. पाळीच्या एका खाणीच्या लॅबमध्ये आम्ही दोघे केमिस्ट. राजभाषेच्या वादात मी पेडण्याचा, मराठीवाला, तो कोकणीवाला. पण आमचं भांडण भाषेचं नव्हतं. म्हणजे भांडण असं नव्हतंच, मी एकटाच जळत होतो. सिनियर केमिस्टची एक जागा निघाली होती, ती मला हवी होती, आणि मॅनेजरच्या तोंडी सारखं कायतान. "कायतानचा रिझल्ट परत तपासावा लागत नाही." हे ऐकलं की मी उठून चहाला जायचो.

काम सोपं करून सांगतो. खनिजात लोखंड किती, ते शोधायचं. खनिज ॲसिडमध्ये विरघळवायचं, त्यात ठरलेली औषधं घालायची, मग पाच मिनिटं थांबायचं. त्यानंतर ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या काचेच्या नळीतून, थेंब थेंब द्रावण सोडायचं. एका थेंबाला रंग जांभळा होतो. तो एंड पॉइंट. पुढे गेलात की लोखंड खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, आकडा चुकला.

ती पाच मिनिटं कायतान घड्याळ बघत नसे. माळेवर एक 'आमच्या बापा' आणि दहा 'नमान मारी' या प्रार्थना सावकाश म्हणून होईपर्यंत वेळ बरोबर भरे. मी तेवढ्यात चहा पिऊन, गप्पा मारून बहुधा तिसऱ्याच मिनिटाला तोटी सोडायचो.

शेवटी मॅनेजरने दोघांना एकाच नमुन्याच्या पुड्या दिल्या. "खरा आकडा माझ्या खिशात आहे. जो जवळ येईल, त्याची जागा."

म्हणून मी माळ उचलली. माळ नाही तर मन थाऱ्यावर नाही, असा माझा शास्त्रीय अंदाज.

कायतान टेबलाखालून उठला. "जांव दी रे, बोटां आसात न्ही!" म्हणाला आणि डोळे मिटून बोटांवर मोजू लागला. मी बघतच राहिलो. हा आता चुकेल, मग चुकेल. माझ्या ब्युरेटची तोटी उघडी आहे हे लक्षात आलं तेव्हा फ्लास्कमध्ये जांभळांचं सरबत झालं होतं. परत करायला वेळ नव्हता. अंदाजाने थोडा कमी करून आकडा लिहिला.

मॅनेजरने कागद बघितले. "कायतान, बरोबर." मग माझ्याकडे वळला. "तुझ्या खाणीत नुसतं लोखंडच दिसतंय. माती घरी नेलीस काय?"

घाम पुसायला रुमाल काढला. त्याच्याबरोबर माळ बाहेर आली आणि फरशीवर पडली.

मॅनेजर माळ ओलांडून निघून गेला. कायतानने माळ उचलली. मीच उलटा चिडलो. "देवाकडे ही जागाच मागत होतास ना रोज?"

"ना रे पात्रांव. 'हें काम तुजें' इतलेंच सांगतां. मागीर तुज्या फ्लास्कांत पळोवपाक म्हाका वेळ खंय?" त्याने माळ माझ्या तळहातावर ठेवली. "दवर. तुका चड गरज आसा." काम देवाच्या हवाली केल्यावर माझ्या फ्लास्कात बघायला त्याला वेळच नव्हता, आणि माळेची गरज मलाच जास्त, असं त्याचं म्हणणं.

पुढची सगळी नोकरी त्याच्या हाताखाली झाली. 'नमान मारी' मला अजून येत नाही. मणी मात्र मोजायचो. औषध घातलं की पाच मिनिटं थांबावं, आणि थांबताना नजर आपल्याच फ्लास्कवर ठेवावी.