धागा नाही डॉक्टर, दुखतंय

काकांच्या पोटात खरंच दुखत होतं.

हे वाक्य मी केस पेपरवर लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. आज काकांना जाऊन वर्ष झालं, म्हणून इथे लिहितेय. काय उपयोग, माहीत नाही.

जे मला नवीन ओळखतात त्यांच्यासाठी: मी सायकियाट्रीची रेसिडेंट आहे. एमबीबीएसनंतर ही ब्रांच घेतली तेव्हा ठाकुर्लीत आमच्या अख्ख्या बिल्डिंगने तोंड वाकडं केलेलं. आई एकटी खूश होती. "बरं झालं बाई. कापाकापी नाही, रक्त नाही. नुसतं ऐकून घ्यायचं."

नुसतं ऐकून घ्यायचं.

तेवढंही जमलं नाही मला.

काका म्हणजे आमचे पेशंट, मोहन्याचे. तरुणपणी धाग्याच्या कंपनीत कामाला होते. कंपनी बंद पडली, आणि थोड्याच वर्षांत काका सांगायला लागले की तिथला धागा त्यांच्या पोटात राहिलाय. कोणीतरी तो रोज गुंडाळतंय.

आमच्या वॉर्डात ते इतक्या वेळा ॲडमिट झालेले, की रेसिडेंटची प्रत्येक बॅच त्यांच्यावरच हिस्टरी घ्यायला शिकली. मीपण. पहिल्याच आठवड्यात मी मध्येच अडखळले, तर काकाच म्हणाले, "आता विचारा, धागा कोण गुंडाळतं. मागचे डॉक्टर तेच विचारायचे."

सगळा वॉर्ड हसला. काकापण हसले.

रोज सकाळी राउंडला ते पलंगावरून उठून उभे राहायचे. "जय भीम, डॉक्टर."

मी फाईल चाळता चाळता म्हणायचे, "हां काका, गुड मॉर्निंग. धागा काय म्हणतोय आज?"

किती स्मार्ट ना मी.

मागच्या वर्षी त्यांना क्लोझापिन सुरू केली. बाकीच्या गोळ्या फेल गेल्या की ही देतात. हिच्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून दर आठवड्याला रक्त तपासायचं असतं. मी एक आठवडा चुकवला नाही. रिपोर्ट एकदम नॉर्मल.

मग एका सकाळी काका उठलेच नाहीत. आडवे पडूनच म्हणाले, "डॉक्टर, पोटात दुखतंय."

"धागा का?"

"धागा नाही डॉक्टर. दुखतंय."

मी पेपरवर लिहिलं, नो फ्रेश कम्प्लेंट्स. कंटिन्यू सेम ट्रीटमेंट.

म्हणजे नवीन तक्रार काही नाही. पोटाचीच तर होती. जुनीच.

दुसऱ्या दिवशी काकू डबा घेऊन आलेल्या. काकू म्हणजे त्यांची बायको. मला कॉरिडॉरमध्येच गाठलं.

"मॅडम, धाग्याचं बोलतात ना, तेव्हा हे उठून बसतात, हातवारे करून सांगतात. आज बोलतपण नाहीत. एकदा हात लावून बघा ना."

मी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. असं करायला आम्हाला शिकवतात. आणि म्हणाले, "काकू, हा आजाराचाच भाग आहे. तुम्ही त्याला खतपाणी घालू नका."

खतपाणी!

स्वतःची जीभ हासडावीशी वाटते.

इंटर्नशिप संपल्यापासून मी कोणाच्या पोटाला हात लावलेला नव्हता. स्टेथो लॉकरमध्ये धूळ खात पडलेला. काकूंच्या खांद्यावर ठेवला तोच हात चार पावलं पुढे जाऊन काकांच्या पोटावर ठेवायचा होता. बस, एवढंच काम होतं.

तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. सर्जरीचा डॉक्टर आला आणि त्याने सगळ्यात आधी पोट दाबून बघितलं. टम्म फुगलेलं, दगडासारखं कडक.

"किती दिवस संडासला झालं नाही यांना?"

मी काकूंकडे बघितलं.

"सहा दिवस," काकू म्हणाल्या. "मला कोणी विचारलंच नाही."

याच गोळीने आतडं बंद पडू शकतं. पुस्तकात आहे. मी वाचलंय. परीक्षेत कोणी विचारलं असतं तर धडाधडा सांगितलं असतं.

आतडं फाटलेलं. ऑपरेशन झालं. दोन दिवसांनी काका गेले.

डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये सर ओरडले नाहीत. म्हणाले, "तुझ्या जागी कोणीही हेच लिहिलं असतं." त्यांना वाटलं, मला धीर येईल.

मी मोहन्याला काकांच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्या शोकसभेला गेलेले. मागे जाऊन बसले. सगळं आटोपल्यावर काकू माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हटलं, आता शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या.

त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, म्हणजे पोटात खरंच होतं ना काहीतरी?"

"हो काकू."

"मग धागापण खरा असेल का हो? वीस वर्षं मी त्यांना सांगत आले, काही नाहीये तुमच्या पोटात. तुम्ही लोकच सांगायचात ना, खतपाणी घालू नका."

"नाही काकू. धागा हा आजार होता. दुखणं वेगळं. त्याचा धाग्याशी काही संबंध नाही."



"तुम्ही त्या दिवशीपण असंच खात्रीने बोललेलात."



आता मी राउंडला प्रत्येकाच्या पोटाला हात लावते. संडासचं विचारते. ज्युनिअर्स मागे हसतात, हसू देत. पण पेशंट बोलायला लागला की मला काही कळत नाही. यातला आजार कुठला आणि खरं कुठलं? तेच तर शिकायला आलेले मी इथे. दोन महिन्यांनी फायनल परीक्षा आहे. पास होईनसुद्धा, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

काल काकूंना फोन केला. विचारलं, काकांबद्दल लिहू का? नाव नाही टाकणार.



काकू म्हणाल्या, "लिहा. पण आता तरी त्यांना खोटं पाडू नका."

नाही पाडत, काकू.

जय भीम, काका.

रोज तुम्ही आधी म्हणायचात. मी एकदाही उलट म्हटलं नाही.