नवा टायर घासून जुना केला

"भाऊ, तुम्ही नवा टायर लावला आन् माझी गाडी बिघडली!" गुरांच्या डॉक्टर मॅडमनी काउंटरवर चावी आपटली.

मला राग आला. पंचवीस वर्षं तुमसरला टायरचं दुकान चालवतो. मला कोण शिकवणार? "मॅडम, टायरनं गाडी चालते, बिघडत नाही," मी बोलून गेलो.

त्यांनी गाडी सुरू करून दाखवली. समोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटला. आदल्या दिवशी नाकाडोंगरीकडे एक गाय विताना अडली होती. जाताना गाडी चिखलात फसली.

"मागची चाकं जागची हालेनात. दोन किलोमीटर पायी गेली मी. गाय वाचली, वासरू गेलं." त्यांनी गाडी बंद केली. "धानाच्या रोवणीचे दिवस आहेत, सगळीकडे चिखल. अशी गाडी घेऊन मी जंगलातल्या गावाले कशी जाऊ? उद्या तिकडे सांगून टाकते, आता दुसरा डॉक्टर पाहा म्हणून."

मी गाडी आत घेतली.

त्यांची गाडी ऑल व्हील ड्राइव्ह. म्हणजे इंजिनची ताकद गरज पडली की चारही चाकांना मिळते. मागच्या चाकांकडे ती ताकद पाठवणारा जो भाग असतो, त्याला कपलिंग म्हणतात. मी डेप्थ गेज काढला, त्यानं टायरच्या नक्षीची खोली मोजतात. जुने तीन टायर पाच मिलिमीटर. मी लावलेला आठ. मग टेप गुंडाळून घेर मोजला. नव्याचा पाऊण इंच जास्त निघाला.

गोम तिथं होती. लहान चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फिरतं, मोठं कमी. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, चाक घसरून राहिलं. कपलिंग सारखं ताण घेतं, तापतं, आणि जळू नये म्हणून शेवटी मागची ताकद तोडतं. आमच्याकडे येतात ट्रॅक्टर, जीप आणि राइस मिलचे ट्रक. जो टायर फाटला तो बदलायचा, ही आमची रीत. ह्या गाडीलाही मी तेच केलं. चूक सोळा आणे माझी.

"मॅडम, चूक माझी आहे."

"मंग आता काय, चारही नवे?"

"बाकीचे तीन कायले फेकता? अर्धं आयुष्य बाकी आहे त्यांचं. नव्यालेच घासून त्यांच्या बरोबर आणतो."

"नवा टायर घासता? डोकं ठिकाणावर आहे ना भाऊ?"

टायर घेऊन मी रिमोल्डिंगवाल्या मोहनभाऊंकडे गेलो. ट्रकांचे गुळगुळीत टायर मशीनवर खरवडायचे आणि त्यावर नवं रबर चढवायचं, हा त्यांचा धंदा. माझं ऐकून ते हसत सुटले. "जिंदगी गेली जुन्याले नवा करता करता. आन् तू मले नव्याले जुना कराले सांगून राहिला?"

"करा ना भाऊ. मह्या इज्जतीचा सवाल आहे."

थोडं खरवडायचं, थांबायचं, मोजायचं. मोहनभाऊ दर वेळी "बस?" विचारायचे आणि मी "अजून थोडं" म्हणायचो. दोन तास गेले. शेवटी टेप बरोबर जुन्या तिघांच्या आकड्यावर आली. हुश्श केलं. टायर चढवला, स्कॅनर लावून दिवा घालवला आणि गाडी तलावाकाठच्या चिखलात नेली.

"दाबा मॅडम!"

मागची दोन्ही चाकं फिरली आणि मागे उभा असलेला मी डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलो. गाडी मात्र बाहेर. मॅडम काच खाली करून पोट धरून हसत होत्या. मीही हसलो. असा आनंद मला धंद्यात फार थोड्या वेळा झाला आहे.

दुसरा डॉक्टर पाहा असं त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पुढच्या हप्त्यात नाकाडोंगरीच्या पलीकडून मॅडमचा फोन आला. "भाऊ, गाडी गोठ्यापर्यंत आली. कालवड झाली. दोघी बऱ्या आहेत."

आता ऑल व्हील ड्राइव्ह आली की फाटलेला टायर मी सगळ्यात शेवटी पाहतो. आधी धड असलेले तीन मोजतो. एवढं कळायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि कोणाचं तरी एक वासरू.