आत्याचं लुगडं आणि गाडीचा बूट

आमच्या आत्याच्या मयतीला उशीर झाला तो गाडीच्या बुटामुळे. (गाडीलाही बूट असतो, हे चाळिशीपर्यंत मला माहीत नव्हतं. माहीत झालं नसतं तर बरं झालं असतं!)

त्याचं असं झालं. उजवीकडे वळताना आमच्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी कटकट वाजायला लागलं. अकोल्याच्या मिस्त्रीने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, एक्सलच्या जॉइंटवरचा रबरी बूट फाटला. आतलं ग्रीस सारं बाहेर अन् रस्त्याची माती आत. जॉइंट खलास हाय. दोन दिवस गाडी ठेवा, पुरा बदलून देतो."

दोन दिवस! मग बार्शीटाकळीहून आमची मेथी-कोथिंबीर बाजारात कोण नेणार? शिवाय ज्या घराण्याने तीन पिढ्या बैलगाडीच्या आसाला वंगण घातलं, त्याच्या वारसाला आस शिकवणारा हा कोण? मी घरी येऊन जॉइंटमध्ये मोटारपंपाचं ग्रीस कोंबलं (माती तशीच आत!), फाटक्या बुटावर सायकलची ट्यूब गुंडाळली आणि वरून तार आवळली. आवाज काही थांबला नाही, म्हणून गाण्यांचा आवाज वाढवला. दुरुस्ती पूर्ण झाली.

आठव्या दिवशी सकाळी वरूडहून आतेभावाचा फोन आला. आत्या गेली. बाबांची ही एकुलती एक बहीण. आजी लवकर वारली तेव्हा हिनंच बाबांना लहानाचं मोठं केलं. आमच्यात सवाष्ण गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. बाबांनी हिरवं लुगडं आणलं, गाडीत मांडीवर घेऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "चाल."

मयतीला जाताना गाणी लावता येत नाहीत, हे माझ्या पहिल्याच वळणावर लक्षात आलं. कट-कट-कट-कट!

"काय वाजून राह्यलं बे?"

"काही नाही बाबा, रस्ता खराब हाय."

रस्ता नवाकोरा होता.

मग मी ठरवलं, उजवीकडे वळायचंच नाही! अमरावतीत एका चौकातून उजवीकडे जायचं होतं. सरळ पुढे जाऊन तीनदा डावीकडे वळलं की तेच होतं, असं माझं गणित. पण मधली एक गल्ली बंद निघाली आणि आम्ही फिरून त्याच चौकात आलो.

"अबे, हा पानठेला मंघाच पाह्यला ना आपन?"

"तो दुसरा होता बाबा."

पानठेलेवाल्याने ओळखीचं हसून हात केला. तेवढ्यात आतेभावाचा फोन. "मामा, कोठी हा तुमी? ऊन चढून राह्यलं. लोकं म्हनतात, आता थांबू नोका."

"उचलू नोका रे तिले," बाबा म्हणाले. "मी लुगडं घेऊन येऊन राह्यलो."

बाबांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्या लाजेपोटी मी गाडी दामटली.

मोर्शीच्या पुढे गायी आडव्या आल्या. मी स्टिअरिंग गच्च उजवीकडे मारलं. खाडकन काहीतरी तुटलं! इंजिन बोंबलतंय, आणि गाडी जागची हलत नाही. मी खाली शिरलो. ट्यूब, तार आणि मातीत मळलेलं ग्रीस सगळं माझ्या हातात आलं. एक्सल लोंबत होता. कोपरापर्यंत काळा होऊन मी बाहेर निघालो.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. सत्तरीचा तो माणूस रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला, संत्र्यांचे क्रेट नेणारा एक ट्रॅक्टर त्याने अडवला आणि दोन्ही हातांनी धरत ट्रॉलीवर चढला.

"लुगडं दे! लवकर!"

मी सीटवरचं लुगडं उचलून वर दिलं आणि मागोमाग स्वतः चढलो. वरूडपर्यंत आम्ही दोघं क्रेट धरून बसलो.

पोचलो तेव्हा तिरडी बांधून तयार होती. बायांनी लुगडं घेतलं आणि उलगडलं. हिरव्यागार पदरावर काळाकुट्ट पंजा! कोणाचा, हे विचारायची गरजच नव्हती. माझे हात अजून तसेच होते.

"अवो माय! हे कसं नेसवाव?" एक म्हातारी म्हणाली. "दुसरं आना कोनी."

"राहू द्या," बाबा म्हणाले. "भाच्याचा हात हाय. वयखीन ते." आणि दिवसभर कोरडे राहिलेले बाबा तिथे आत्याच्या पायाशी बसून ढसाढसा रडले. मीही रडलो, पण डोळे पुसायची सोय नव्हती.

आत्याने ओळखलंच असेल. चार बोटं, अंगठा, तळव्यावरच्या रेषासुद्धा कशा ठसठशीत उमटल्या होत्या! त्या दिवशी माझ्या हातून नीट झालेलं काम तेवढं एकच.