अप्पांचा डावा पाय

सिद्रामप्पा एसटीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, म्हणजे एसटीच्या लेखी झाले. त्यांच्या डाव्या पायाला ते अजून कुणी कळवलेलं नाही.

मुलाने, मल्लिनाथने, ऑटोमॅटिक गाडी घेतली. नारळ फोडून अप्पाच पहिल्यांदा चालवायला बसले आणि निघता निघता डाव्या पायाने सवयीचा क्लच दाबला. क्लच नव्हताच, पाय पडला ब्रेकवर. हारासकट सगळं घर पुढच्या काचेवर आलं.

तेव्हापासून अप्पांना शेजारी बसवतात. प्रश्न मिटला, असं सगळ्यांना वाटलं. पण या गाडीत हाताने गिअर बदलायचीही सोय आहे, हे अप्पांनी शोधून काढलं, आणि दांडा तर नेमका त्यांच्या उजव्या हाताशी. आता स्टिअरिंग मुलाकडे, गिअर बापाकडे, अशी ही एकत्र कुटुंबाची गाडी भवानी पेठेतून निघते.

परवा होटगीला जाताना पुलाच्या चढावर अप्पांनी दांडा ओढला. इंजिन केकाटलं.

"अप्पा, ती आपोआप बदलते गिअर," मल्लिनाथ दातओठ खात म्हणाला.

"यंत्राला चढ कुटं कळतोय? मी हाय म्हणून चढली की."

मागे अप्पांची बायको शांतम्मा शेंगा फोडत बसली होती. "खरं हाय," ती म्हणाली. "मी बी लग्नापासून आपोआपच चालतीय. ह्यास्नी अजून वाटतंय, हेच चालवत्यात."

अप्पांनी डावा पाय जोरात दाबला. तिथं नुसती रबरी मॅट होती.